शिरोळवाडीच्या तळ्यात होडी उलटली त्याबाबत

मुक्काम पोलीस चौकी, चाकण. ता. ९ डिसेंबर १९५७, सोमवार, सकाळी.

माझे नाव सौ. दुर्गाबाई भ्रतार ज्योतीराम काटकर, वय अंदाजे चोवीस, धंदा घरकाम, राहणार चिंचवड गावठाण, तालुका हवेली, जिल्हा पुणे. माहेर कृष्णाकाठी, तालुका वाई, जिल्हा उत्तर सातारा. शिक्षण मराठी चौथी. नावाआधी सौ. लिहावे की कसे, असे हवालदारांनी मला विचारले. सौ. लिहावे असे मी सांगितले.

मी चौकीत समक्ष हजर असून, मला विचारल्यावरून माझ्या माहितीप्रमाणे सांगते ते असे.

माझे लग्न होऊन तीन वर्षे झाली. माझे पती माण तालुक्यातील असून पिंपरी येथील कारखान्यात नोकरीस आहेत. आम्ही चिंचवड गावठाणात एका खोलीत भाड्याने राहतो. शेजारच्या खोलीत उद्धवराव पिसाळ व त्यांची पत्नी यशोदाबाई राहत. उद्धवराव माझ्या पतींच्या खात्यातच काम करीत. दोघांची शिफ्ट बहुतेक एक असे. आमचे व त्यांचे कधी भांडण झालेले नाही. देवाणघेवाण भाजी-भाकरीची होती, दुसरी नाही.

तळ्यावर कशासाठी गेला होता, असे विचारल्यावरून सांगते की, पाणी बघण्यासाठी गेलो होतो. दुसरे काम नव्हते. माझ्या पतींना पाण्याची आवड आहे. त्यांच्या गावाकडे पाऊस कमी. लहानपणी त्यांना कमरेला दोर बांधून विहिरीत सोडत आणि ते तळाला बसून वाटीवाटीने घागर भरत. मोठी नदी त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती आमच्या लग्नात. वऱ्हाड उतरल्यावर नवरदेव दिसेना म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा ते घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. माझ्या भावाने त्यांना मुहूर्ताला धरून आणले.

चिंचवडला आल्यापासून सुटीच्या दिवशी ते मला सायकलवर मागे बसवून कुठल्या ना कुठल्या पाण्यावर नेत. तळेगावचे तळे, पाषाणचे तळे, खडकवासल्याचे धरण ही आम्ही पाहिली आहेत. तिथे जाऊन ते पाण्यात पाय सोडून बसत. भाकरी खाऊन परत येत असू. आळीतले लोक हसत. माझे माहेर नदीकाठचे म्हणून, ज्योतीराम सासरी निघाला, असे म्हणत.

माझ्या पतींना पोहता येत नाही. मला येते. आमच्याकडे मुली पाठीला भोपळा बांधून नदीत पोहायला शिकतात, तशी मी शिकले. मी त्यांना शिकवते असे म्हटले होते. लोक बघतील म्हणून ते नको म्हणाले. त्यावर मी त्यांना सांगितले होते की, मग गुडघ्याच्या वर पाणी येता कामा नये. ते ऐकत. तरी ते पाण्यात उतरले की मी पाण्याकडे तोंड करूनच बसत असे. मला तिथे कधी भाकरी गोड लागली नाही.

काल रविवारी कारखान्यास सुटी होती. शिरोळवाडीला मोठे तळे आहे, मधोमध उंचवट्यावर देवीचे ठाणे आहे, तिथे होडीतून जाता येते, असे कोणीतरी माझ्या पतींना कारखान्यात सांगितले होते. आठवडाभर ते तेच बोलत होते. या वेळी उद्धवराव व यशोदाबाईही येणार असे ठरले. यशोदाबाईंची इच्छा नव्हती. उद्धवरावांनी त्यांना म्हटले, "काटकरीणबाई येतात की. त्यांना पोहता येतं. घाबरायचं कशाला?" हे मी ऐकले.

दोन सायकलींवर आम्ही चौघे सकाळी निघालो. भोसरी, मोशी करून चाकणला आलो व तिथून कच्च्या रस्त्याने शिरोळवाडीला गेलो. वेळ सांगा असे हवालदार म्हणाले. आमच्यापैकी उद्धवरावांकडे घड्याळ होते. तळ्यावर पोचलो तेव्हा ऊन चांगले वर आले होते.

तळ्याचे वर्णन विचारल्यावरून सांगते की, तळे लांबट आहे. गावाच्या बाजूला दगडी बांध आहे. समोरच्या काठाला लव्हाळे दाट असून त्याच्यामागे ज्वारीची शेते आहेत. पाणी वरून हिरवट दिसते. काठाजवळ उतार आहे, मग एकदम खोल होते. मी पाण्यात हात घालून पाहिला, गार होते.

आम्ही बांधावर बसून भाकरी खाल्ली. यशोदाबाईंनी तिळाच्या वड्या आणल्या होत्या. माझे पती जेवले नाहीत म्हटले तरी चालेल. ते पाण्यात पाय सोडून मधल्या देवीकडे बघत बसले होते. मी त्यांना म्हटले, "इथूनच हात जोडा की." ते म्हणाले, "एकदाच जाऊन येऊ. मी कधी पाण्याच्या मधी गेलो न्हाई, दुर्गा. कडंनंच बघितलंय समदं." मी नको म्हटले नाही. मन मात्र घट्ट होत नव्हते.

होडीवाला भैरू भोई हा त्याच गावचा. तळ्यात मासळी धरतो. चौकीत आता बाकावर बसवला आहे तोच तो. मी त्याला यापूर्वी कधी पाहिलेले नव्हते. होडी फळ्यांची, बसक्या तळाची होती. लाकूड जुने होते पण आत पाणी नव्हते. भैरूने आम्हाला सांगितले, "दोघं दोघं बसा. चार मान्सं आन् मी, लई व्हतं." यशोदाबाई म्हणाल्या की मालकांना सोडून मी बसणार नाही आणि दुर्गाबाई नसल्या तरी बसणार नाही. उद्धवराव म्हणाले, "चला राव, एकदमच जाऊ. वारा तरी कुठाय?" भैरूने आभाळाकडे व पाण्याकडे पाहिले. मग म्हणाला, "बसा. पर कुनी उभं ऱ्हायाचं न्हाई. हलायचं बी न्हाई." हे त्याने दोन वेळा सांगितले. आम्ही चौघांनीही ऐकले.

होडीत बसण्याची जागा अशी होती. मागच्या टोकाला भैरू लांब बांबू घेऊन उभा. त्याच्या पुढ्यात मी. माझ्यापुढे यशोदाबाई, त्यांच्यापुढे उद्धवराव आणि अगदी पुढे माझे पती. यशोदाबाईंनी माझा हात धरून ठेवला होता.

होडी सावकाश चालली होती. देवीचे ठाणे अजून लांब होते. काठावरच्या सायकली बारीक दिसू लागल्या. माझे पती आधी पुढे बघत होते, मग डावीकडे, मग उजवीकडे बघू लागले. मग ते उभे राहिले. मी म्हटले, "बसा." भैरू म्हणाला, "बसा, बसा खाली." ते आमच्याकडे तोंड करून वळले. ते हसत होते. म्हणाले, "दुर्गा, चारी बाजूंनी पाणीच हाय. आन् मी मधी उभा हाय." हे शब्द मला बरोबर आठवतात.

उद्धवराव म्हणाले, "खाली बसा राव," आणि त्यांनी माझ्या पतींचा सदरा धरून ओढला. त्याने होडी एका अंगाला कलली. यशोदाबाई ओरडून त्याच अंगाला उद्धवरावांकडे गेल्या. होडी उलटली.

आधी काय झाले आणि नंतर काय झाले हे नीट सांगा, असे फौजदारसाहेबांनी मला पुन्हा विचारले. त्यावरून सांगते की, आधी माझे पती उभे राहिले. बाकीचे त्यानंतर झाले. ते उभे राहीपर्यंत होडी सरळ चालली होती. भैरूच्या हातून काही चूक झाल्याचे मी पाहिले नाही आणि मी त्याच्या सगळ्यात जवळ होते.

पाण्यात पडल्यावर मी खाली गेले व वर आले. माझ्या लुगड्याचा कासोटा घट्ट होता म्हणून पाय मोकळे राहिले. यशोदाबाई गोल पातळ नेसल्या होत्या, त्यांचे पाय गुंडाळले गेले असावेत. मी वर आले तेव्हा त्यांचे केस माझ्या हाताला लागले. मी ते धरले. त्या मला मिठी मारू लागल्या म्हणून मी त्यांना मागून धरून उलट्या होडीकडे नेले व त्यांचे हात होडीच्या कडेवर ठेवून वरून दाबून धरले. त्या सुटून जात होत्या म्हणून मला हात काढता येईना.

त्या वेळी तुमचे पती तुम्हाला दिसले काय, असे विचारल्यावरून सांगते की, दिसले. होडीच्या पलीकडे, लांब होते. त्यांचे तोंड पाण्याच्या वर होते, मग नव्हते, मग पुन्हा होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. किती लांब होते ते मला सांगता येणार नाही. मी एकटी असते तर पोचले असते. यशोदाबाईंना सोडून गेले असते तर त्या बुडाल्या असत्या. मी गेले नाही.

भैरूने हातातला बांबू माझ्या पतींच्या दिशेने सरकवून दिला आणि ओरडून सांगितले, "धरा, बांबू धरा." त्यांनी तो धरला की नाही हे मला दिसले नाही, कारण त्याच वेळी यशोदाबाई पुन्हा खाली गेल्या. उद्धवराव कुठेच दिसत नव्हते. भैरूने त्यांच्यासाठी बुडी मारली. तो वर आला, पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला त्याने उद्धवरावांना वर आणले. मग त्यांना धरून तो काठाकडे निघाला व मला म्हणाला, "ताई, होडी सोडू नका, मी येतो." तो आला. त्याने यशोदाबाईंना नेले. मी माझी पोहत आले.

काठावर येण्यापूर्वी मी मागे वळून पाहिले. पाण्यावर होडी होती. दुसरे काही नव्हते.

काठावर गावचे लोक जमले होते. त्यांनी उद्धवरावांना पालथे घालून पोटातले पाणी काढण्याचा प्रयत्न केला. पुष्कळ वेळ केला. मग एका म्हाताऱ्याने त्यांच्या अंगावर धोतर टाकले. यशोदाबाई शुद्धीवर होत्या. त्यांनी ते पाहिले. त्यांनी मला विचारले, "तुम्ही माझे केस का धरलेत?"

माझे पती दिसत नव्हते. गावातले पोहणारे लोक पाण्यात उतरले. भैरूही उतरला. मी काठाकाठाने हाका मारत गेले. आधी "अहो" अशी हाक मारली. नंतर नावाने मारली. मी त्यांना नावाने कधी हाक मारलेली नव्हती. बांधापासून लव्हाळ्यापर्यंत जाऊन परत आले, पुन्हा गेले. चिखल असल्याने लव्हाळ्यात शिरता आले नाही. माझा आवाज बसला तेव्हा छबूबाई नावाच्या बाईने माझ्याबरोबर हाका मारल्या. ती भैरूची बायको, हे मला नंतर समजले.

ऊन उतरल्यावर पाण्यातले लोक बाहेर आले. गार पाण्याने त्यांचे ओठ काळे पडले होते. तेव्हा गर्दीतून कोणीतरी म्हणाले की होडीवाला प्यालेला होता. कोण म्हणाले ते मी पाहिले नाही. मग लोकांनी भैरूला मारले. तो खाली पडेपर्यंत मारले व हात बांधून चावडीत नेले. तो म्हणत होता, "आजून एक मानूस पान्यात हाय. मला जाऊ द्या." मी लोकांना सोडा असे म्हटले. माझा आवाज निघत नव्हता.

उद्धवरावांचे प्रेत तपासणीसाठी खेडला पाठवण्यात आले. यशोदाबाईंचे भाऊ यशवंतराव हे पिंपळे गुरवहून आले व त्यांना घेऊन गेले. मला कुठे जायचे असे पाटलांनी विचारले. मी तळ्याजवळच राहते असे सांगितले. छबूबाई मला त्यांच्या घरी घेऊन गेल्या. त्यांनी मला कोरडे लुगडे दिले, तेच आता अंगावर आहे. चुलीपुढे बसवले. त्यांचे पती चावडीत बांधलेले होते व दोन लहान मुली घरात रडत होत्या. छबूबाईंनी मला एकही गोष्ट अशी सांग, तशी सांग, असे म्हटले नाही. त्यांनी विचारले असते तर मी त्यांच्या घरी थांबले नसते. घरातून तळे दिसते. मी दाराशी बसून होते.

आज सकाळी चौकीत येताना यशवंतराव मला बाहेर भेटले. ते मला काय म्हणाले ते सांगणे भाग आहे काय, असे मी फौजदारसाहेबांना विचारले. त्यांनी सांगा म्हटले. त्यावरून सांगते की, यशवंतराव म्हणाले, "वहिनी, माझी बहीण विधवा झाली. तुमचंही तेच झालं, स्पष्ट बोलतो, माफ करा. आता गेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करता? होडीवाला प्यालेला होता एवढं म्हणा. आम्ही तसंच सांगितलंय." ते रडत होते. ते वाईट मनुष्य आहेत असे माझे म्हणणे नाही.

भैरूच्या तोंडाला दारूचा वास येत होता काय, असे विचारल्यावरून सांगते की, येत नव्हता. तो माझ्या पाठीमागे होता आणि होडी चालू लागल्यापासून त्याने दोन-तीन वेळा खाली वाकून, बोलत बोलत होडीचा तळ पाहिला. त्याचे तोंड माझ्या खांद्याशी येत होते. मासळीचा वास येत होता.

यशोदाबाईंनी वास आल्याचे सांगितले आहे, त्याबाबत काय म्हणणे आहे, असे विचारल्यावरून सांगते की, त्यांचा माणूस गेला आहे. मला त्यांच्याविषयी काही म्हणायचे नाही.

तुम्ही जे सांगितले त्यावरून दोष तुमच्या पतींवर येतो हे तुम्हाला कळते काय, असे फौजदारसाहेबांनी विचारले. कळते. ते मुद्दाम उभे राहिले नाहीत. त्यांना आनंद झाला म्हणून उभे राहिले. पण उभे राहिले हे खरे. ते असते तर त्यांनीही असेच सांगितले असते. हे मी

(येथे जबाब थांबविला. शिरोळवाडीहून पोलीस पाटलांचा माणूस आल्याने साक्षीदार बाई उठून बाहेर गेल्या. दुपारी त्या पुन्हा हजर झाल्यावरून पुढे लिहिला, तो असा.)

पाटलांचा माणूस म्हणाला की, माणूस सापडला. मी विचारले, कसा. तो म्हणाला, जित्ता. मी चौकीच्या पायरीवर बसले. छबूबाई माझ्याबरोबर आल्या होत्या, त्यांनी मला पाणी दिले. त्या वेळी माझ्या मनात काय आले ते विचारू नये.

थोड्या वेळाने माझ्या पतींना बैलगाडीतून आणले. ते समोरच्या काठाच्या ज्वारीत सापडले. शेतकरी पाखरे हाकायला गेला असता त्यास ते ताटांमध्ये बसलेले दिसले. अंगावर सदरा नव्हता, अंग चिखलाने भरलेले होते. तापही होता. त्यांना पाहून मी जवळ गेले. त्यांच्या हातापायांना मी हात लावून पाहिला. मोडलेले काही नव्हते.

ते तिथे कसे पोचले, असे फौजदारसाहेबांनी त्यांना माझ्यासमोर विचारले. त्यांनी सांगितले की, भैरूने सरकवलेला बांबू हाताला लागला. तो धरून वाहत वाहत ते लव्हाळ्यात गेले व चिखलातून रांगत वर निघाले.

वर निघाल्यावर हाक का मारली नाही, असे त्यांना विचारले. ते हातावरचा चिखल खरवडत राहिले. मग म्हणाले, "पलीकडं उद्धवरावाला पालथं घातलेलं दिसलं. त्याच्या अंगावर धोतर टाकलं तेबी दिसलं. मग माझे पाय उठंनात. ज्वारीत शिरलो."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू हाका मारत व्हतीस. दोनदा माझ्या पुढनं गेलीस. नावानं हाक मारलीस तीबी ऐकली."

फौजदारसाहेबांनी मला काही विचारायचे आहे काय, असे विचारले. मी नाही म्हटले.

रात्री थंडी होती. ते उघडे होते. छबूबाईंच्या दारातून ती ज्वारी दिसते.

यानंतर माझ्या पतींना शेजारच्या खोलीत बसवले व फौजदारसाहेबांनी मला पुढीलप्रमाणे समजावून सांगितले. सकाळचा जबाब तुम्ही पती हयात नाही अशा समजुतीने दिला. आता ते हयात आहेत. एक मनुष्य मेला आहे, तेव्हा तुमच्या सांगण्यावरून त्यांच्यावर खटला होऊ शकतो. नोकरीही जाऊ शकते. गडबडीत नीट दिसले नाही, असे तुमचे म्हणणे असल्यास तसे लिहून घेता येईल. घाई नाही, विचार करून सांगा.

मी विचार करण्यास बाहेर गेले. यशवंतराव तिथे उभे होते. माझे पती परत आल्याचे त्यांना समजले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. बाकावर भैरू बसला होता. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता. छबूबाई त्याच्या पायाशी बसून त्याला भाकरी भरवत होत्या, कारण त्याच्या हाताला दोर होता. भैरूने मला विचारले, "ताई, मालकांना बांबू लागला व्हता का हाताला?" मी व्हय म्हटले. तो म्हणाला, "मला वाटलं लई लांब पडला." एवढेच बोलणे झाले.

मी आत येऊन सांगितले की सकाळचा जबाब तसाच ठेवावा. त्यातला एकही शब्द बदलायचा नाही.

तुमच्यावर कोणाचा दाब आहे काय, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. पतींवर राग धरून सांगता काय, असे विचारल्यावरून सांगते की, राग आहे. तो ज्वारीबद्दल आहे. होडीबद्दल मी जे सांगितले ते राग येण्याच्या आधी सांगितलेले आहे, म्हणून ते तसेच राहू द्यावे.

माझे पती घरी येतील की नाही, असे मी विचारले. त्यांचा जबाब झाल्यावर ठरेल, आज रात्री इथेच ठेवावे लागेल, असे मला सांगण्यात आले. त्यांना ताप आहे, पांघरूण द्यावे, अशी मी विनंती केली. ती मान्य केली. मी छबूबाईंकडे थांबणार आहे. उद्या हवी असल्यास तिथे निरोप द्यावा.

जबाब पतींसमोर वाचावा, असेही मी म्हटले. तशी पद्धत नाही, असे हवालदार म्हणाले. मी पुन्हा विनंती केल्यावरून फौजदारसाहेबांनी परवानगी दिली. त्यावरून माझ्या पतींना व भैरूला आत बोलावून हवालदारांनी हा सर्व मजकूर पहिल्यापासून वाचला. माझे पती भिंतीला टेकून उभे होते. त्यांना बसा म्हटले तरी ते बसले नाहीत. लव्हाळ्यापर्यंत हाका मारत गेल्याचे वाचताना त्यांनी तोंडावर हात घेतला. आधी माझे पती उभे राहिले, या ठिकाणी हवालदार वाचायचे थांबले व त्यांच्याकडे बघू लागले. माझे पती म्हणाले, "थांबू नका. वाचा."

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "बरोबर हाय. ती सांगते तसंच झालं. माझं म्हणून येगळं काय लिहायचं न्हाई."

हे त्यांचे बोलणे माझ्या जबाबात येऊ शकत नाही, असे हवालदारांनी सांगितले. ते माझ्या कानांनी मी ऐकले आहे व मी ते सांगते आहे, म्हणून लिहावे, असे मी म्हटले. त्यावरून लिहिले आहे.

सदर मजकूर मी ऐकला. मी बोलले तसाच तो उतरला आहे. मला सही करता येते, ती खाली करीत आहे.

दुर्गाबाई ज्योतीराम काटकर

समक्ष.